अरब राजपुत्रांचा कुर्सीनामा कसा मांडावा

वडोदऱ्यातल्या मराठी माणसाला कुर्सीनामा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या जुन्या घरांतून घराण्याच्या वंशावळीचा हा कागद कुठल्यातरी ट्रंकेत असतोच. गायकवाडांचा तर शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो: खंडेराव, मल्हारराव, मग जमनाबाईंनी १८७५ मध्ये दत्तक घेतलेले कवळाण्याचे गोपाळराव, म्हणजेच सयाजीराव तिसरे. याच सवयीने सौदी, अबू धाबी किंवा जॉर्डनच्या राजपुत्रांची वंशावळ करायला बसलात, तर दुसऱ्या पिढीतच गाडी अडते. आपला कुर्सीनामा बापाकडून मुलाकडे उतरतो आणि त्यात बायका जवळजवळ नसतातच. अरब घराण्याचा तसा कागद केला तर नावं सगळी जागेवर बसतात, पण कोण कोणाच्या जवळचा, कोणाला कोणाचं पाठबळ, याचा पत्ता लागत नाही. तो आईच्या रकान्यात असतो. म्हणून या कामात आईचा रकाना आधी भरायचा, बाकीचं नंतर.

आधी वही, मग कागद

थेट झाड काढायला घेऊ नका. आधी एक नोंदवही करा, एक्सेलमध्ये असेल तर उत्तम. रकाने असे: क्रमांक, नाव, वडील, आजोबा, आई, आईचं घराणं किंवा टोळी, जन्म-मृत्यू, किताब, पद (कधीपासून कधीपर्यंत), विवाह, आणि माहिती कुठून मिळाली. शेवटचा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण तो सोडला तर महिन्याभरात आपलीच नोंद आपल्याला खरी वाटेनाशी होते.

क्रमांक देताना पहिल्यापासून दोन आकडी द्या. संस्थापक १, त्याचे मुलगे १.०१, १.०२, नातू १.०१.०१ असे. एक आकडी दिलेत तर दहाव्या मुलाला १.१० द्यावा लागतो आणि एक्सेल त्याचा गुपचूप १.१ करून टाकतं. पहिला आणि दहावा मुलगा एकच होऊन बसतो आणि खालची सगळी नातवंडं चुकीच्या बापाखाली जातात. तो रकाना सुरुवातीलाच 'टेक्स्ट' करून ठेवा.

आता कागद. ए-२ आकाराची ड्रॉइंग शीट आडवी धरली की रुंदी सुमारे ५९ सेंमी आणि उंची ४२ सेंमी मिळते. एका पिढीला ९ सेंमी उंची दिली तर चार पिढ्या बसतात आणि वर शीर्षकाला जागा उरते. रुंदीत मात्र फसगत होते. सौदी राज्याचे संस्थापक अब्दुलअझीझ यांना चाळिसाहून जास्त मुलगे झाले. सगळे एका ओळीत घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड सेंमीही येत नाही. त्यात नाव लिहिणार कसं? म्हणून मुलग्यांची सरसकट ओळ काढायचीच नाही. आयांचे गट करायचे, गटाला एक रंग द्यायचा आणि एका शीटवर दोन किंवा तीन गटच घ्यायचे. बाकीच्यांची नावं वहीत राहू द्या.

नाव तोडून वाचणं

मोहम्मद बिन सलमान बिन अब्दुलअझीझ आल सौद. यात स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आजोबाचं आणि शेवटी घराणं आहे. 'बिन' किंवा 'इब्न' म्हणजे मुलगा, 'बिंत' म्हणजे मुलगी. आपल्याकडच्या नाव-वडील-आडनाव या पद्धतीशी हे इतकं जुळतं की मराठी वाचक पटकन पुढे सरकतो आणि आजोबाचं नाव गाळतो. तेवढंच करू नका. या घराण्यांत नातवाला आजोबाचं नाव ठेवण्याची रीत असल्याने तीच ती नावं फिरत राहतात. प्रिन्स खालिद बिन बंदर दोन आहेत: एक खालिद बिन बंदर बिन अब्दुलअझीझ, जे २०१४-१५ मध्ये सौदी गुप्तचर खात्याचे प्रमुख होते, आणि दुसरे खालिद बिन बंदर बिन सुलतान, जे २०१९ मध्ये लंडनला राजदूत म्हणून गेले. पहिले संस्थापकाचे नातू, दुसरे पणतू. दोन नावांवर थांबलात तर आख्खी पिढी चुकते. तीन नावं मिळाल्याशिवाय कोणालाही शीटवर चढवायचं नाही, हा नियम कडक पाळा.

'आल' आणि 'अल-' यांतही गल्लत करू नका. 'आल सौद' मधला 'आल' घराणं दाखवतो. 'अल-फैसल' मधला 'अल-' वेगळा. राजे फैसल यांच्या मुलांनी 'बिन फैसल' ऐवजी सौद अल-फैसल, तुर्की अल-फैसल असं लावलं. इंग्रजी बातमीत दोन्ही सारखेच छापले जातात. देवनागरीत आपल्याला ते सहज वेगळे लिहिता येतात, तेव्हा लिहावेत.

'अबू फहद' असं काही दिसलं तर तो नवा माणूस समजू नका. तो थोरल्या मुलावरून घेतलेला आदराचा उल्लेख असतो. राजे सलमान यांचे थोरले चिरंजीव फहद २००१ मध्ये वारले, तरी सलमान 'अबू फहद'च राहिले.

आईचा रकाना

सौदीपासून सुरुवात करणं सोयीचं, कारण तिथे माहिती भरपूर आहे. अब्दुलअझीझ यांनी जानेवारी १९०२ मध्ये रियाध घेतलं, २३ सप्टेंबर १९३२ रोजी राज्य घोषित केलं आणि ९ नोव्हेंबर १९५३ रोजी ते वारले. त्यानंतरचे सहाही राजे त्यांचेच मुलगे: सौद, फैसल, खालिद, फहद, अब्दुल्ला, सलमान. बापाच्या बाजूने पाहिलं तर सहा भाऊ, एवढंच दिसतं. आता आईचा रकाना भरा.

सौद यांची आई बनी खालिद टोळीतल्या घराण्याची. फैसल यांची आई तरफा, धर्मगुरूंच्या आल शेख घराण्यातली. ती लवकर गेली आणि फैसल आजोळी वाढले. खालिद यांची आई आल जिलुवी, म्हणजे सौद घराण्याच्याच धाकट्या पातीतली. अब्दुल्ला यांची आई फहदा शम्मर टोळीची. त्यांना सख्खा भाऊ नव्हता. त्यांचं बळ नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे टोळ्यांतून भरती होणाऱ्या दलात होतं. उरले फहद आणि सलमान. हे दोघे सख्खे भाऊ. आई हुस्सा बिंत अहमद आल सुदैरी. तिचे एकूण सात मुलगे: फहद, सुलतान, अब्दुर्रहमान, नायेफ, तुर्की, सलमान, अहमद. त्यांना 'सुदैरी सात' म्हणतात. सुलतान यांच्याकडे संरक्षण, नायेफ यांच्याकडे अंतर्गत खातं आणि सलमान यांच्याकडे रियाधचं राज्यपालपद ही रचना कित्येक दशकं टिकली. सातांपैकी दोघे राजे झाले, सुलतान (२०११) आणि नायेफ (२०१२) युवराजपदावर असताना वारले.

या सातांना शीटवर एकच रंग द्या आणि तो रंग वर-खाली न्या. मग दिसतं की अब्दुलअझीझ यांची स्वतःची आई सारा हीसुद्धा सुदैरीच होती. सलमान यांची पहिली पत्नी सुलताना बिंत तुर्की हीही सुदैरी, आणि तिचे वडील तुर्की हे हुस्साचे भाऊ. म्हणजे सलमान यांनी मामेबहिणीशी लग्न केलं. हे नातं मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. सलग तीन पिढ्या एकाच घराण्यातून मुली आल्या. बापाच्या झाडात यातलं काहीच उमटत नाही.

पुढची पिढी घ्या. सुलतानाचे मुलगे फहद, अहमद, १९८५ मध्ये अमेरिकी अंतराळयानातून गेलेले सुलतान, २०१९ पासून ऊर्जामंत्री असलेले अब्दुलअझीझ, आणि फैसल. सलमान यांच्या तिसऱ्या पत्नी फहदा बिंत फलाह अजमान टोळीच्या. त्यांचे थोरले मोहम्मद, म्हणजे आजचे युवराज, जन्म ३१ ऑगस्ट १९८५. २०२२ मध्ये संरक्षणमंत्री झालेले खालिद त्यांचे सख्खे धाकटे भाऊ. ऊर्जामंत्री सावत्र, संरक्षणमंत्री सख्खा. इथे दोन रंग हवेतच.

एक सावधगिरी मात्र बाळगा. सख्खे म्हणजे कायमचे एका बाजूचे, असं गृहीत धरू नका. जून २०१७ मध्ये ज्यांचं युवराजपद गेलं ते मोहम्मद बिन नायेफ राजे सलमान यांच्या सख्ख्या भावाचेच चिरंजीव. रंग नातं सांगतो, मन सांगत नाही.

आईचं नाव मिळवायचं कसं? नेमणुकीच्या बातम्यांत ते जवळजवळ कधीच नसतं. निधनाच्या बातम्या बघा. सौदी राजदरबाराच्या निवेदनात अनेकदा 'अमुक राजपुत्राच्या मातोश्री' असा उल्लेख येतो. तीच नोंद वहीत जोडायची. आणि कुठे नावच सापडलं नाही तर रकाना रिकामा ठेवा. अंदाजाने भरलेली आई सगळ्यात जास्त नुकसान करते, कारण एका अंदाजावर आख्खा रंग बदलतो.

नातं मराठीत लिहा

बहुतेक माहिती इंग्रजीतून येते आणि तिथे 'कझिन' या एका शब्दात सगळं उरकतं. वहीत तो शब्द येऊच देऊ नका. चुलत, आते, मामे, मावस यांपैकी एक लिहायचं, आणि ते ठरत नसेल तर माहिती अपुरी आहे असं समजायचं. दोन उदाहरणं सोडवून दाखवतो.

रीमा बिंत बंदर, २०१९ पासून अमेरिकेतल्या सौदी राजदूत. वडील बंदर बिन सुलतान बिन अब्दुलअझीझ. आई हैफा बिंत फैसल, म्हणजे राजे फैसल यांची मुलगी. सुलतान आणि फैसल सावत्र भाऊ, तेव्हा बंदर आणि हैफा चुलत भावंडं. रीमा दोन्ही बाजूंनी अब्दुलअझीझ यांची पणती ठरते. अशी व्यक्ती शीटवर दोन ठिकाणी लिहू नका, माणसं दुप्पट मोजली जातात. एकदाच लिहा आणि आईकडून दुसरी रेघ तिरकी आणा. चुलतबहिणीशी लग्न आपल्याकडे होत नाही म्हणून मराठी वाचकाला ही रेघ चुकल्यासारखी वाटते आणि तो ती 'दुरुस्त' करतो. दुरुस्त करू नका. तिकडे चुलतघराशी सोयरीक हीच जुनी, पसंतीची रीत आहे. मोहम्मद बिन सलमान यांच्या पत्नी सारा बिंत मशहूर याही त्यांच्या चुलतबहीणच.

दुसरं उदाहरण अल-वलीद बिन तलाल बिन अब्दुलअझीझ. त्यांची आई मोना सोल्ह स्वतंत्र लेबनॉनचे पहिले पंतप्रधान रियाद सोल्ह यांची मुलगी. मोनाची बहीण लमिया मोरोक्कोचे राजे हसन दुसरे यांचे बंधू मौले अब्दल्ला यांना दिलेली. त्यामुळे सौदीचे अल-वलीद आणि मोरोक्कोचे मौले हिशाम हे मावसभाऊ. दोन राजघराण्यांमधला पूल दोन लेबनानी बहिणींनी बांधला, आणि बापाकडून काढलेल्या दोन्ही झाडांत तो दिसत नाही.

लग्नाच्या खुणा

एका वेळी चार बायकांची मर्यादा आहे, आयुष्यभराची नाही. घटस्फोट आणि पुनर्विवाह दोघांनाही मोकळा आहे. म्हणून लग्नाच्या रेघेवर वर्तुळात क्रमांक लिहा आणि घटस्फोटाला दोन आडव्या फुल्या द्या. हुस्सा बिंत अहमद यांचं पहिलं लग्न अब्दुलअझीझ यांच्याशी झालं, मग घटस्फोट, मग अब्दुलअझीझ यांचे सावत्र बंधू मोहम्मद यांच्याशी लग्न, त्यांच्यापासून अब्दुल्ला नावाचा मुलगा, आणि पुन्हा अब्दुलअझीझ यांच्याशी लग्न. क्रमांक नसतील तर हा गुंता सुटत नाही, आणि सुदैरी सातांचा तो आईकडचा भाऊ कागदावरून गायब होतो.

तिकडे बाईचं नाव लग्नाने बदलत नाही. आमच्या इंदिराराजे, सयाजीरावांच्या कन्या, १९१३ मध्ये लग्न होऊन कूचबिहारच्या महाराणी झाल्या. दुबईच्या मनाल बिंत मोहम्मद यांचं २००५ मध्ये अबू धाबीच्या मन्सूर बिन झायेद आल नहयान यांच्याशी लग्न झालं, तरी त्या आल मक्तूमच. नवऱ्याचं घराणं त्यांच्या नावापुढे लावलंत तर पुढच्या पिढीत त्यांचं माहेर हरवतं. दुबईचे शासक मोहम्मद बिन रशीद यांची आई लतीफा बिंत हमदान अबू धाबीच्या आल नहयान घराण्यातली होती, हे याच कारणाने पुष्कळांना ठाऊक नसतं.

दत्तकाचा रकाना ठेवू नका. सयाजीरावांसारखं दत्तक घेऊन गादीवर बसवणं तिकडे शक्य नाही. इस्लामी कायद्यात मूल सांभाळता येतं, पण त्याचं वंशनाव मूळ बापाचंच राहतं आणि वारसा मिळत नाही. उलट आपल्याकडे नसलेली एक रेघ तिथे लागते, ती दूधभावंडांची. जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत ज्या बाईने अंगावर पाजलं ती दूधआई, तिची मुलं दूधभावंडं, आणि त्यांच्यात लग्न निषिद्ध. इस्लामी कायद्याच्या परंपरांपैकी सौदीत चालणाऱ्या हनबली मतात त्यासाठी पाच वेळा पाजणं लागतं, हनफी मतात एकदाही पुरतं. ही रेघ ठिपक्यांची काढा.

देशागणिक किताब

सगळ्यांना 'प्रिन्स' म्हणून चालत नाही. सौदीत राजपुत्र म्हणजे 'अमीर'. त्यातही अब्दुलअझीझ यांचे वंशज 'शाही' बिरुदाचे आणि आल जिलुवी, आल सुनय्यान, आल फरहान अशा धाकट्या पातींचे लोक साध्या बिरुदाचे. परराष्ट्रमंत्री फैसल बिन फरहान या दुसऱ्या वर्गातले. कतार आणि कुवेतमध्ये 'अमीर' एकच, तो स्वतः शासक. बाकी सगळे 'शेख'. अमिरातीतही शेखच. ओमानमध्ये 'सय्यिद', मोरोक्कोत पुरुषाला 'मौले' आणि स्त्रीला 'लल्ला'.

कतारचा कागद करणाऱ्या वडोदरेकराने एक नोंद कडेला जरूर करावी. खंडेराव महाराजांनी मदिनेतल्या पैगंबरांच्या कबरीसाठी बसरा मोत्यांचा जो गालिचा करवला होता, तो आज दोह्याच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मोती आखाताचे, हात बडोद्याचे. ओमानशीही आपला संबंध जुना: सुलतान काबूस यांचे वडील सईद बिन तैमूर अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकले, आणि आजोबा तैमूर १९३२ मध्ये गादी सोडल्यावर पुढे मुंबईत राहिले आणि १९६५ मध्ये तिथेच वारले.

गादी कोणाकडे

थोरला मुलगा हा सार्वत्रिक नियम नाही, म्हणून शीटच्या कोपऱ्यात त्या देशाचा नियम लिहून ठेवा. जॉर्डन आणि बहरीनमध्ये थोरला मुलगा, पण जॉर्डनमध्ये राजाला भावाचं नावही घालता येतं: राजे हुसेन यांचे बंधू हसन १९६५ पासून युवराज होते आणि जानेवारी १९९९ मध्ये मुलगा अब्दुल्ला यांचं नाव आलं. ओमानने जानेवारी २०२१ मध्ये थोरल्या मुलाचा नियम केला. त्याआधी काबूस यांनी वारसाचं नाव पाकिटात बंद करून ठेवलं होतं. कुवेतच्या १९६२ च्या घटनेत पूर्वीचे शासक मुबारक अस-सबाह यांचे वंशज एवढंच म्हटलं आहे. सौदीच्या १९९२ च्या मूलभूत कायद्यात संस्थापकाचे मुलगे आणि नातवंडांचा वंश, त्यांतला योग्य तो. २००६ मध्ये त्यासाठी बैअत (म्हणजे निष्ठेची शपथ) मंडळ नेमलं, ज्यात प्रत्येक मुलाच्या शाखेचा एक माणूस असतो. अबू धाबीत मोहम्मद, हमदान, हझ्झा, तहनून, मन्सूर आणि अब्दुल्ला हे फातिमा बिंत मुबारक यांचे सहा मुलगे 'बनी फातिमा' म्हणून ओळखले जातात. २०२२ मध्ये सावत्र बंधू खलिफा यांच्यानंतर मोहम्मद संयुक्त अरब अमिरातीचे अध्यक्ष झाले.

तारखा

जुन्या राजपुत्रांचे जन्म हिजरी सनात नोंदलेले असतात. ढोबळ हिशेब: हिजरी वर्ष गुणिले ०.९७, अधिक ६२२. १३५१ चं करून बघा, १९३२ येतं. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं असल्याने दर ३३ वर्षांमागे वय एका वर्षाने जास्त दिसतं. एका ठिकाणी ६६ आणि दुसरीकडे ६४ वय छापलं असेल तर दोन्ही बरोबर असू शकतात. हिजरीतलं साल मूळ रकान्यात तसंच ठेवा आणि इसवी सन शेजारी लिहा. फक्त रूपांतर ठेवलंत तर चूक शोधायला काही उरत नाही.

पदं बदलली की जुनं खोडू नका, त्यापुढे शेवटची तारीख लिहा. सौदीत एकट्या २०१५ मध्ये जानेवारी ते एप्रिल राजे सलमान यांचे सावत्र बंधू मुक्रिन युवराज होते, मग मोहम्मद बिन नायेफ आले आणि जून २०१७ मध्ये मोहम्मद बिन सलमान. तिघांची नावं, तारखा आणि आया एकाखाली एक राहू द्या, आणि शीटच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात शेवटच्या दुरुस्तीची तारीख पेन्सिलीने घाला.